रंगातून भाव कसा आणायचा: चित्र काढणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

काही वर्षांपूर्वी मी एका रिकाम्या खुर्चीचं चित्र काढलं होतं. घरातलं माणूस गेल्यानंतरची खुर्ची, संध्याकाळची वेळ, खिडकीतून तिरपा येणारा उजेड. दुःखाचा रंग निळा हे डोक्यात इतकं पक्कं होतं की भिंत निळी, जमीन निळी, खुर्चीची सावलीसुद्धा निळी केली. चित्र पाहून एक मैत्रीण म्हणाली, ‘‘किती शांत वाटतंय गं, इथे बसून वाचत राहावं.’’ तिचं काहीच चुकलं नव्हतं. मी काढलं होतं तेच तिला दिसलं. निळा मी वापरला होता, पण तो किती गडद, किती भडक, कुणाच्या शेजारी, याचा विचारच केला नव्हता.

त्याच चित्रात पुढे दोन बदल केले. भिंतीच्या निळ्यात बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, मिसळत गेले, तो जवळजवळ राखाडी होईपर्यंत. आणि खुर्चीच्या पाठीवर, डोकं टेकून टेकून जिथे कापड झिजतं त्या जागी, उबदार बदामी रंगाचा दोन बोटं रुंद पट्टा ठेवला. आता तिथे कुणीतरी बसत असे हे कळायला लागलं, आणि आता बसत नाही हेही. चित्रात सगळ्यांत उबदार असलेला तो पट्टाच सगळ्यांत जास्त दुःखाचा झाला.

‘लाल म्हणजे राग, पिवळा म्हणजे आनंद, निळा म्हणजे उदासी’ असे तक्ते सगळीकडे मिळतात. त्यांत थोडं तथ्य आहे, पण ब्रश हातात घेतल्यावर ते फारसे उपयोगी पडत नाहीत, कारण एकट्या रंगाला भाव नसतो. भाव तयार होतो तो रंगाच्या शेजारातून, प्रमाणातून आणि उजेड-अंधारातून. पुढच्या पायऱ्या त्या क्रमाने लिहिल्या आहेत ज्या क्रमाने मी स्वतः काम करते. सरावासाठी पोस्टर कलर किंवा ॲक्रिलिक, जाड कागद आणि एक कात्री एवढं पुरेल.

पायरी १: रंगाआधी एक वाक्य

चित्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने एक वाक्य लिहा: हे चित्र पाहणाऱ्याला काय वाटायला हवं? ‘दुःख’ एवढं लिहून भागत नाही. आत्ताच बातमी कळल्याचं दुःख वेगळं आणि दहा वर्षांनी जुनी पेटी उघडल्यावरचं वेगळं. पहिल्यात धक्का आहे, कडा तीक्ष्ण आहेत, उजेड-अंधारात मोठा फरक आहे. दुसऱ्यात रंग विरलेले, एकमेकांत मिसळलेले, कुठेतरी गोडवासुद्धा आहे. दोन्हींना ‘दुःख’ म्हटलं तर दोन्ही चित्रं निळी होतील आणि दोन्ही फसतील.

वाक्यात रंगाचं नाव येऊ देऊ नका. ‘पाऊस थांबल्यावर अंगणात एकटं उभं राहिल्यासारखं’ हे चालेल. ‘हिरवं-निळं प्रसन्न’ हे चालणार नाही, कारण तिथे तुम्ही उत्तर आधी लिहून टाकलंत आणि प्रश्न राहूनच गेला.

पायरी २: एकाच लालचे बारा लाल

प्रत्येक रंगाला तीन गुण असतात. पहिला त्याची छटा, म्हणजे लाल, पिवळा, निळा यांपैकी तो कोण. दुसरा त्याचा टोन, म्हणजे तो किती उजळ किंवा गडद. तिसरा त्याची तीव्रता, म्हणजे तो किती शुद्ध, झणझणीत किंवा किती मंद. अमेरिकन चित्रकार आणि शिक्षक अल्बर्ट मन्सेल याने १९०५ साली रंगांची जी मांडणी पुस्तकरूपात दिली, ती याच तीन गुणांवर उभी आहे.

भावनेचा बहुतेक भार टोन आणि तीव्रता उचलतात, आणि नवशिके मात्र सगळा वेळ छटा निवडण्यात घालवतात. हे पटायला एक सराव करा. एकच लाल घ्या आणि त्याचे बारा चौकोन भरा. चार चौकोनांत पांढरा वाढवत जा, चारांत गडद तपकिरी, आणि उरलेल्या चारांत थोडा थोडा हिरवा. रंग सुकल्यावर दुरून पाहा. पांढऱ्याकडे गेलेला लाल बाळाच्या गालासारखा कोवळा झालेला असतो. तपकिरीकडे गेलेला सुकलेल्या रक्ताची आठवण करून देतो. हिरव्याने मंदावलेला लाल थकलेला, जुन्या पडद्यासारखा दिसतो. ट्यूब तीच. यांतल्या कोणत्या लालला ‘राग’ म्हणायचं?

हा कागद जपून ठेवा. मी प्रत्येक मुख्य रंगाचे असे कागद करून भिंतीवर लावले आहेत. चित्र अडतं तेव्हा पुस्तकांपेक्षा त्यांच्याकडेच जास्त वेळा बघते.

पायरी ३: आधी काळं-पांढरं

रंग बाहेर काढण्याआधी काडेपेटीएवढ्या आकाराची चार-पाच छोटी चित्रं तीनच टोनमध्ये करा: गडद, मधला, उजळ. भाव इथेच ठरतो, रंग पुढे तो पक्का करतो. चित्राचा बहुतेक भाग उजळ आणि थोडाच गडद असेल तर मोकळं, हलकं वाटतं. बहुतेक भाग गडद आणि एकच उजळ जागा असेल तर नजर त्या जागेला चिकटते, आणि भीती, एकाकीपणा किंवा भक्ती यांपैकी काहीतरी जागं होतं. सगळं मधल्या टोनमध्ये ठेवलं तर धुकं, आळस, स्मरण.

पिकासोने १९३७ साली ‘गेर्निका’ रंगवलं. बॉम्बहल्ल्याच्या त्या चित्रात रक्ताचा एक लाल थेंबही नाही. जवळजवळ पावणेआठ मीटर रुंदीच्या त्या कॅनव्हासवर काळे, पांढरे आणि राखाडी, एवढेच टोन आहेत. किंकाळी फोडणारी माणसं, घोडा, दिवा हे सगळं टोनच्या तुकड्यांतून अंगावर येतं. रंग काढून घेणं हासुद्धा रंगाचाच निर्णय असतो, हे त्या चित्रासमोर कळतं.

छोट्या काळ्या-पांढऱ्या चित्रात तुमचं वाक्य ऐकू येत नसेल, तर रंगांनी ते येणार नाही. दुसरं छोटं चित्र काढा.

पायरी ४: उष्ण आणि शीत, पण कुणाच्या तुलनेत?

लाल-केशरी-पिवळे उष्ण आणि निळे-हिरवे शीत, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. कामाची गोष्ट त्याच्या पुढची आहे: उष्णता तुलनेने ठरते. लेमन यलो हिरव्याकडे झुकतो, म्हणून गडद केशरट पिवळ्याशेजारी तो थंड दिसतो. क्रिमसन हा लाल जांभळ्याकडे झुकतो, म्हणून शेंदरी लालशेजारी तोही गार पडतो. निळ्यांतही अल्ट्रामरीन जांभळटपणा घेऊन येतो आणि प्रशियन ब्लू हिरवटपणा. म्हणजे अख्खं चित्र निळ्यात ठेवूनही त्यात ऊब आणता येते आणि अख्खं चित्र लालमध्ये ठेवून गारवा.

उजेडाचं भान ठेवलंत तर हे आपोआप जमू लागतं. उतरत्या उन्हात उजेड पिवळा-केशरी असतो, आणि सावलीत थेट ऊन पोचत नाही, तिथे आकाशाचा निळा उजेड पडतो. म्हणून सावल्या निळसर-जांभळट दिसतात. ढगाळ दिवशी उलट होतं. उजेडच गार असतो आणि सावल्या त्या मानाने उबदार वाटतात. सावलीत काळा ओतला की ही सगळी हवा निघून जाते आणि चित्र बंद खोलीसारखं होतं. बंद खोलीच दाखवायची असेल तर गोष्ट वेगळी.

अंधाराचंही एक गणित आहे. उजेड फार कमी झाला की डोळ्याला लाल रंग काळपट दिसू लागतात आणि निळे-हिरवे तुलनेने उजळतात. पुर्किन्ये नावाच्या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे नोंदवलं, म्हणून त्याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात. रात्रीच्या चित्रात दिव्यापासून दूर ठेवलेलं लाल फूल लालच रंगवलं, तर चित्र रात्रीचं राहत नाही. ते जवळजवळ काळं करा आणि पानं निळसर ठेवा. पाहणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण रात्र जाणवेल.

सराव हवा असेल तर फ्रेंच चित्रकार मोनेचा मार्ग धरा. १८९०-९१ मध्ये त्याने गवताच्या गंज्यांची सुमारे २५ चित्रं केली. विषय जवळपास तोच, बदलतो तो उजेड आणि ऋतू. तुमच्या टेबलावरचा एक कप घ्या आणि तो सकाळी, दुपारी, दिवा लावल्यावर असा तीनदा रंगवा. कप तोच राहतो आणि तीन वेगळे मूड हाती लागतात.

पायरी ५: शेजार

ही पायरी मी सगळ्यांत महत्त्वाची मानते, म्हणून इथे जरा थांबते.

१८२४ साली मिशेल-यूजीन शेव्हरल हा रसायनतज्ज्ञ पॅरिसच्या गोबेलँ गालिचा कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख झाला. तिथे एक तक्रार होती: निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांत वापरलेला काळा धागा फिका दिसतो. शेव्हरलने रंग तपासला. रंगात खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा दुबळा वाटत होता. १८३९ मध्ये त्याने या विषयावर मोठा ग्रंथ काढला, आणि पुढच्या पिढ्यांतल्या चित्रकारांनी त्यातून पुष्कळ घेतलं. विसाव्या शतकात चित्रकार आणि शिक्षक जोसेफ ॲल्बर्स आपल्या विद्यार्थ्यांना रंगीत कागद कापायला लावून हेच दाखवत असे. एकच रंग दोन पार्श्वभूमींवर ठेवून त्याचे दोन रंग करून दाखवायचे.

तुम्हीही करून पाहा. राखाडी रंगाचा एक कागद भरा आणि त्याचे नखाएवढे दोन तुकडे कापा. एक भडक लाल कागदाच्या मधोमध ठेवा, दुसरा भडक हिरव्याच्या. दोन्ही कागद शेजारी ठेवून अर्धा मिनिट शांतपणे पाहा. लालवरचा राखाडी हिरवट होत जातो, हिरव्यावरचा गुलाबीकडे सरकतो. आता दोन्ही तुकडे उचलून पांढऱ्या कागदावर जवळजवळ ठेवा. ते एकच आहेत. पहिल्यांदा हे केलं तेव्हा तुकडे बदलले तर नाहीत ना, म्हणून मी ते उलटून पाहिले होते.

डोळा एखाद्या रंगाला शेजारच्या रंगाच्या विरोधी रंगाकडे (लालचा विरोधी हिरवा) ढकलतो, आणि गडदाशेजारी उजळाला अधिक उजळ करतो. भावनेच्या कामात याचा असा उपयोग होतो: आजारी माणसाचा चेहरा रंगवायचा असेल तर चेहऱ्यात हिरवा घालू नका. चेहरा साधा, जरासा राखाडी ठेवा आणि मागची भिंत किंवा उशी उबदार गुलाबी-लाल करा. चेहऱ्याचा रंग आपोआप उतरतो. बाहेरून चोपडलेल्या हिरव्यात नाटकीपणा येतो, शेजारातून आलेला हिरवट फिकेपणा खरा वाटतो. त्याचप्रमाणे दिव्याचा पिवळा पेटत नसेल तर त्यात आणखी पिवळा ओतून काही होत नाही. भोवतालचा भाग थोडा गडद आणि थोडा जांभळट करा.

विरोधी जोड्या, म्हणजे लाल-हिरवा, निळा-केशरी, पिवळा-जांभळा, एकमेकांना जोर देतात. दोघांचा टोन सारखा आणि दोघंही पूर्ण तीव्र असतील तर कडेवर थरथर होते आणि नजर टिकत नाही. अस्वस्थता हवी असेल तिथे ही थरथर मुद्दाम आणायची. पण विरोधी जोडी म्हणजे अस्वस्थताच, असंही नाही, आणि हे दाखवायला व्हॅन गॉगच्या १८८८ सालच्या दोन चित्रांइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

सप्टेंबरमध्ये त्याने आर्ल गावातलं रात्रभर उघडं राहणारं कॅफे रंगवलं. भावाला, थिओला, पत्रात लिहिलं की लाल आणि हिरव्यातून माणसाच्या भयंकर वासना दाखवायचा प्रयत्न केला आहे. भिंती रक्तासारख्या लाल, छत हिरवं, मधे हिरवं बिलियर्डचं टेबल, चार पिवळे दिवे. महिन्याभराने त्याने आपली झोपायची खोली रंगवली आणि पुन्हा पत्रात लिहिलं की इथे रंगांनी विश्रांती आणि झोप सुचवायची आहे. त्या खोलीतही लाल पांघरूण आहे, हिरवी खिडकी आहे. पिवळ्याविरुद्ध जांभळट, निळ्याविरुद्ध केशरी अशा विरोधी जोड्या आहेत. मग एक चित्र अंगावर येतं आणि दुसरं मन निववतं ते का? कॅफेत लाल आणि हिरवा मोठमोठ्या सपाट भागांत, पूर्ण जोराने, एकमेकांना भिडलेले आहेत. खोलीत भिंती फिक्या ठेवल्या आहेत, लाल एका पांघरुणापुरता आहे, प्रत्येक तीव्र रंगाच्या मधे मोकळी जागा सोडली आहे, आणि पडछाया त्याने काढूनच टाकल्या आहेत. माणूस तोच, साल तेच, जोड्याही त्याच. फरक आहे तो प्रमाणाचा आणि अंतराचा.

पायरी ६: कुणाला किती जागा

एक रंग मालक असू द्या. चित्राचा अर्ध्याहून जास्त भाग त्याच्या कुटुंबाला द्या. दुसरा त्याला साथ देईल. तिसऱ्याला अगदी थोडी जागा, पण मोक्याची. तीन रंगांना सारखी जागा दिली की ते एकमेकांशी भांडतात आणि पाहणाऱ्याला काहीच स्पष्ट ऐकू येत नाही. नवशिक्यांच्या चित्रांत मला सगळ्यांत जास्त दिसणारी चूक हीच.

थोड्या रंगात किती ताकद असते याचा एक किस्सा १८३२ सालच्या लंडनच्या रॉयल अकॅडमीतला आहे. इंग्रज चित्रकार टर्नर याचं करड्या समुद्राचं चित्र कॉन्स्टेबल या दुसऱ्या इंग्रज चित्रकाराच्या चित्राशेजारी टांगलं होतं, आणि कॉन्स्टेबलच्या चित्रात लालांची रेलचेल होती. प्रदर्शन उघडण्याआधी चित्रांवर शेवटचा हात फिरवायची मुभा असे. टर्नर आला, दोन्ही चित्रांकडे पाहिलं, आपल्या करड्या समुद्रावर नाण्याएवढा एक लाल ठिपका ठेवला आणि एक शब्द न बोलता निघून गेला. त्या ठिपक्यापुढे शेजारचे सगळे लाल फिके पडले. ‘तो इथे येऊन बंदूक झाडून गेला,’ असं कॉन्स्टेबल म्हणाला. नंतर टर्नरने परत येऊन त्या ठिपक्याला पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचा आकार दिला.

पिकासोचं ‘म्हातारा गिटारवादक’, १९०३-०४ सालचं, याच्या जवळचंच पण वेगळ्या जातीचं आहे. १९०१ मध्ये जवळच्या मित्राने आत्महत्या केल्यानंतरच्या वर्षांत पिकासोने निळ्याचा ध्यास घेतला होता. त्या चित्रात माणूस निळा, कपडे निळे, भिंत निळी. फक्त गिटार तपकिरी. माझी खुर्ची आणि हे चित्र यांतला फरक मला फार उशिरा कळला: निळ्यात उरलेली एवढी एकच ऊब त्याने ठेवली, म्हणून तो निळा बोचतो.

मालक रंग उशिरा बदलला तरी हरकत नाही. फ्रेंच चित्रकार मातीसने १९११ मध्ये आपल्या स्टुडिओचं चित्र वेगवेगळ्या रंगांत बऱ्यापैकी पुरं केलं होतं, आणि मग जवळजवळ सगळ्यावर लाल फिरवला. फर्निचरच्या रेषा म्हणजे त्या लालमध्ये सोडलेल्या फटी आहेत. खालचा रंग तिथून डोकावतो. सुकलेल्या चित्रावर असा पातळ थर देऊन बघायला घाबरू नका. आधी फोटो काढून ठेवा, किंवा चित्रावर पारदर्शक प्लास्टिक ठेवून त्यावर रंग लावून पाहा.

पायरी ७: शिकलेले अर्थ

इथवर डोळ्याला जे जाणवतं त्याबद्दल लिहिलं. रंगाला दुसरा थरही असतो: समाजाने, धर्माने, परंपरेने चिकटवलेला अर्थ. तो शिकावा लागतो, आणि जागा बदलली की बदलतो.

भरताच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला रंग दिला आहे. शृंगार श्याम, हास्य शुभ्र, करुण पारव्याच्या रंगाचा, रौद्र लाल, वीर गौर, भयानक काळा, बीभत्स निळा आणि अद्भुत पिवळा. आजच्या तक्त्यांशी हे ताडून पाहा. प्रेमाला लाल देणाऱ्याला इथे शृंगार श्याम दिसेल, शांततेला निळा देणाऱ्याला निळ्यात बीभत्स. करुणाला दिलेला पारवा रंग मात्र मला फार मोलाचा वाटतो. तो ना निळा, ना काळा. मंद, राखाडी, आत कुठेतरी जांभळट ऊब असलेला. माझ्या खुर्चीमागच्या भिंतीला शेवटी जवळजवळ तोच रंग सापडला होता.

कधी अर्थ रंगद्रव्यातूनच येतो. युरोपातल्या जुन्या धार्मिक चित्रांत येशूची आई मेरी हिच्या अंगावरचा निळा झगा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतून येणाऱ्या लाजवर्द दगडाच्या भुकटीपासून केलेला असे. ती इतकी महाग की चित्र काढायला सांगणारा करारातच निळ्याची प्रत लिहून घेई. त्या निळ्यात भाविकाला पावित्र्य दिसे आणि अर्पणाची किंमतही. १८२० च्या दशकात अल्ट्रामरीन कृत्रिमरीत्या तयार होऊ लागला आणि तोच निळा कुणाच्याही पेटीत आला. आज नुसता निळा झगा रंगवून ते पावित्र्य येत नाही. ते आणायचं तर जागा, उजेड आणि मुद्रा यांच्याकडून काम करून घ्यावं लागतं.

आणि डोळ्याचा थर आणि चित्राचा विषय एकमेकांच्या विरुद्धही ठेवता येतात. अमृता शेरगिल यांच्या १९३५ सालच्या ‘तीन मुली’ या चित्रात कपड्यांचे रंग उबदार, भरलेले आहेत आणि चेहरे मिटलेले. पुढ्यात काय वाढून ठेवलंय ते त्या मुलींना ठाऊक आहे असं वाटतं. ऊब आणि उदासी शेजारी बसल्या की दोन्ही खोल होतात. आपल्या चित्रात रंग आणि विषय एकच गोष्ट दोनदा सांगत असतील, तर त्यांतल्या एकाला गप्प करून पाहा.

पायरी ८: पॅलेट कमी करा

बारा ट्यूब उघडल्या की चित्रात बारा आवाज येतात. भावनेचं चित्र असेल तर तीन रंग आणि पांढरा एवढ्यावर राहा. स्वीडिश चित्रकार अँडर्स झोर्न याच्या नावाने ओळखलं जाणारं पॅलेट चारच रंगांचं आहे: यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल), काळा आणि पांढरा. त्यात निळा नाहीच, पण उबदार रंगांच्या शेजारी काळ्या-पांढऱ्याचा राखाडी निळसर दिसतो. पाचव्या पायरीवरचा शेजार इथे कामाला येतो. त्वचा, लाकूड, दिव्याचा उजेड यांसाठी हे पॅलेट फार सुंदर आहे.

राखाडी शक्यतो विरोधी जोडीतून करा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून जो राखाडी येतो, त्याला निळ्याकडे किंवा तपकिरीकडे हवं तेवढं झुकवता येतं. ट्यूबमधल्या तयार काळ्यापासून केलेल्या राखाडीला ही लवचीकता नसते. मिसळताना गडद रंग उजळात थेंबाथेंबाने घाला, उलटं केलंत तर ढीगभर रंग वाया जातो. तीनपेक्षा जास्त ट्यूब एका मिश्रणात गेल्या की रंग मळतो. मळलेला आणि मंद यांत फरक आहे: मंद रंगाला कुठेतरी कल असतो, मळलेल्याला काहीच नसतो.

ट्यूबवरचा बारीक छापही वाचा. रंगद्रव्याचा सांकेतिक क्रमांक तिथे असतो. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, तो उजेडात टिकतो. पीआर ८३ म्हणजे पारंपरिक अलिझारिन क्रिमसन. पातळ किंवा पांढऱ्यात मिसळून लावला तर तो उजेडात विटतो. हा प्रश्न केवळ टिकाऊपणाचा नाही, भावाचाही आहे. व्हॅन गॉगच्या त्या झोपायच्या खोलीच्या भिंती त्याने फिक्या जांभळ्या रंगवल्या होत्या. त्यातला लाल काळाच्या ओघात विरून गेला आणि आज त्या निळ्या दिसतात. पिवळ्या पलंगाशेजारी जांभळी भिंत त्याला हवी होती. आपण जी विश्रांती पाहतो ती त्याने रंगवलेल्यापेक्षा थोडी गार आहे.

पायरी ९: तपासणी

चित्र झालं असं वाटलं की फोनवर फोटो काढून तो काळा-पांढरा करा आणि तिसऱ्या पायरीवरच्या छोट्या चित्राशी ताडून पाहा. टोन रंगांच्या नादात हमखास सरकलेले असतात, बहुधा सगळे मधल्या टोनकडे. मग चित्र दिवसाच्या उजेडात आणि पिवळ्या दिव्याखाली, दोन्हीकडे पाहा. पिवळ्या दिव्याखाली रंगवलेलं चित्र सकाळी अनेकदा जास्त निळं निघतं, कारण दिव्याचा पिवळा आपण नकळत भरून काढत असतो.

पुढे दोन दिवस ते भिंतीकडे तोंड करून ठेवा. परत फिरवल्यावर ज्याला तुमचं वाक्य माहीत नाही अशा एकाला विचारा, ‘‘इथे कसं वाटतं?’’ ‘कसं आहे’ विचारलंत तर कौतुक मिळेल, जे या वेळी उपयोगाचं नाही. उत्तर ऐका, मग मागचं पेन्सिलीचं वाक्य वाचा.

दोन्ही जुळत नसतील तर सगळं पुसायला जाऊ नका. आधी प्रमाण बदला: मोक्याचा रंग कमी करा किंवा मालक रंग वाढवा. त्याने भागलं नाही तर सर्वांत मोठ्या भागाचा टोन एक पायरी गडद किंवा उजळ करा. मग तीव्रता, ज्यात थोडा विरोधी रंग पातळ करून वरून फिरवणं बहुतेक वेळा पुरतं. छटेला सगळ्यांत शेवटी हात लावा. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर पाच पावलं मागे येऊन पाहणं. माझ्या खुर्चीच्या चित्राला हे सगळं करायला चार संध्याकाळी लागल्या. बदामी पट्टा चौथ्या संध्याकाळी आला.